विदेलांचा काळा सरडा

दुपारी अडीच वाजता, अर्जेंटिनातलं सगळं सान हुआन शहर झोपलेलं असताना, सरड्यांची अभ्यासक एर्मिनिया ओल्गीनने थंड तळघरातून आणलेला जाळीच्या पेटीतला सरडा संग्रहालयाच्या अंगणात उन्हात ठेवला. सरडा जिवंत होता आणि काळा होता.

ही नवी जात आहे, असं संग्रहालयाचे प्रमुख बाल्दोमेरो विदेला यांचं म्हणणं होतं. निबंध तयार होता, जातीला बायकोचं नाव द्यायचंही ठरलं होतं. हा सरडा जिथे सापडला त्याच घळीतल्या करड्या पाठीच्या, पिवळट पोटाच्या सरड्याला चौदा वर्षांपूर्वी एर्मिनियाने नाव दिलं होतं. खवले तेच, नराच्या शेपटीच्या मुळाशी असणारी मेणकट छिद्रंही तेवढीच. फरक फक्त रंगाचा. तिच्या नावावर आयुष्यात ही एकच जात होती, आणि विदेलांचं खरं ठरलं तर तिचे निम्मे नमुने त्यांच्या जातीत जाणार होते.

खरं कसं ठरेल? हा गृहस्थ पहाटे डोंगर चढतो, बाराला खाली उतरतो, मांसावर ताव मारतो आणि पडदे ओढून घोरतो. गारठलेला सरडा ऊन शोषायला काळा पडतो, तापला की उजळतो. विदेलांनी दुपारचा सरडा जन्मात पाहिला नव्हता.

तिने बोलावल्यावर पाचच मिनिटांत विदेला सपाता फरफटत आले.

"झोपमोड केलीत, बाई. एवढ्याशा काळ्या सरड्यासाठी?"

"काळा कसला? काकडलाय तो. पहाटे तुम्हीही असेच दिसत असाल."

नमुने टिकवण्याचं काम करणारी सुल्मा ‘माते’ या कडवट हिरव्या चहाचा कप भरत होती. ती फिस्सकन हसली.

"तोंड आवर गं," विदेला म्हणाले. "खवले मी स्वतः मोजलेत."

"मोजलेत ना. माझ्याच सरड्याचे मोजलेत."

"आणि नाही उजळला तर?"

"तर बरण्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या मी माझ्या हाताने खरवडीन आणि तुमच्या बायकोचं नाव डकवीन. बिचारीने तुमच्याशी लग्न केलं, तिला सरड्याचं काय एवढं!"

सरडा पेटीतल्या वाळूवर पसरला. आधी मानेमागे, मग कण्याच्या दोन्ही बाजूंना काळोख विरत गेला. पाठ राखेसारखी करडी झाली.

"घ्या लिहून, डॉक्टर," एर्मिनिया म्हणाली. "की झोपेतच लिहिता?"

विदेलांनी चहाचा घोट घेतला. "उलटा करा."

तिने सरडा उचलून उताणा धरला. गळ्यापासून छिद्रांच्या ओळीपर्यंत पोट काळंकुळकुळीत होतं. सुल्माने वाकून पाहिलं, आणि या वेळी ती हसली नाही.

"पोटाला वेळ लागतो," एर्मिनिया म्हणाली.

"तुमच्या सरड्याला लागतो?"

एर्मिनियाने सरडा पुन्हा पेटीत ठेवला. चौदा वर्षांपूर्वी तिने पोट पाहिलं होतं ते दारूत बुडवलेल्या नमुन्यांचं, आणि दारूत रंग उतरतो; जिवंत सरड्याचं पोट कसं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

विदेलांनी खुर्ची ओढली. "बसू की मग. घाई कुणाला आहे?"

पाच वाजता ऊन भिंतीवर चढलं तेव्हा सरड्याची पाठ पूर्ण करडी होती. पोट काळंच होतं.