खांद्याच्या वर न जाणारा हात

आई केस विंचरायला हात उचलायची तेव्हा काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकत, आणि त्या किणकिणीनेच लखनौची धुक्याने कोंदलेली आमची सकाळ उजाडे. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या घरात एका हिवाळ्यात तो नाद विरत गेला. मी सोळा वर्षांची. आई माझी वेणी मानेच्या खालूनच घालते, याचा मला तेवढा राग होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या मराठी बायका आल्या. कुंकू लावायला आईचा हात खांद्याच्या वर जाईना, ती प्रत्येकीला हसून म्हणे, "जरा वाकता का?" जिना उतरताना देशपांडेकाकू मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "बाई गं, केवढा हा तोरा! सगळ्यांना वाकायला लावते!" लाजेने मी आईवरच भडकले. "आई, ये नाटक बंद करो!" हिंदीतून ओरडले; मराठीत इतकं कठोर व्हायला जीभ धजली नसती.

"अगं, हात ऐकतच नाही माझं," एवढंच ती म्हणाली.

उन्हाळ्यात दंडातल्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून, तो तपासून डॉक्टर म्हणाले, "पहरेदार ही घर को ग़ैर समझ बैठे हैं, बहनजी." रोगजंतूंशी झुंजण्यासाठी जन्मलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्याच स्नायूंत शिरून, त्यांना परके ठरवून, धागा धागा कुरतडत होत्या. निदान त्या आंधळ्या होत्या. मला तर चांगले डोळे होते. गोळ्यांनी पेशी थोड्या दबल्या, चेहरा मात्र सुजून गोल झाला. काकू म्हणाल्या, "छान बाळसं धरलंय हो!" आई त्यावरही हसली.

माफी मागायचं मी रोज ठरवी आणि रोज उद्यावर टाकी. पावसाळा सरता सरता ते कुरतडणं घशापर्यंत पोचलं, तिला पाण्याचा घोट गिळवेना, आणि दिवाळीनंतर ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून त्याच बायका कुंकू घेऊन आल्या. जमिनीवर निजवलेल्या आईच्या कपाळाला बोट लावण्यासाठी एकेक जण वाकली. काकू तर गुडघे टेकून रडल्या. तोऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी मी वाकले.

आता माझे केस पिकू लागलेत. फणी घ्यायला हात उचलला की बांगड्या कोपराकडे सरकतात, त्या किणकिणीपुरती आई जवळ येते, आणि मी माफीसाठी तोंड उघडते तोवर हात खाली आलेला असतो.