इश्यूचा रकाना

हवालदार महिपतरावांनी खिशातून पावती काढली आणि इंदरगंजच्या कचेरीतल्या मेजावर सरळ करून ठेवली.

"बूट, पट्टा, दोन कांबळी, पाण्याची बाटली. जे जे इश्यू झालं होतं ते सगळं जमा केलं, साहेब."

एक्कावन्न साल होतं. संस्थानाची फौज भारतीय सैन्यात विलीन होत होती आणि वय झालेल्यांना घरी पाठवलं जात होतं. त्यांचे पेन्शनचे इंग्रजी फॉर्म रमाकांत कारकून भरत असत. त्यांनी पावती हळूच बाजूला सारली.

"सामानाचं नाही विचारलं, महिपतराव. इथे इश्यू म्हणजे अपत्य. मुलंबाळं."

"एकच शब्द?"

"एकच. मूळ अर्थ बाहेर येणं. कोठारातून सामान बाहेर येतं, छापखान्यातून मासिकाचा अंक, आईच्या पोटातून मूल. इंग्रज सगळ्याला इश्यूच म्हणतो." शब्दांचा विषय निघाला की रमाकांतांचा चेहरा खुलायचा. "तर मग, किती?"

महिपतराव पावतीची कड नखाने दाबत राहिले.

"एक मुलगी होती. यमुना. सहा वर्षांची असताना देवी येऊन गेली. मी तेव्हा बर्म्यात होतो."

रमाकांतांचा टाक थांबला.

"इथे हयात असलेलीच लिहितात हो. 'निल' लिहावं लागेल, म्हणजे कोणी नाही."

"कोपऱ्यात नुसतं नाव लिहा ना."

"फॉर्म परत येईल. पेन्शन अडकेल."

महिपतरावांनी सही केली आणि ते उठले.

मुरारच्या फौजी लायनीतली खोली महिनाअखेर सोडायची होती. त्यांची बायको विजयाबाई भांडी पोत्यात भरत होत्या.

"काय काय पुसलं तिथं?"

"बस, नाव, गाव, नोकरी किती झाली. घरची माणसं."

विजयाबाईंचे हात थांबले. "यमीचं नाव लिहिलंत ना?"

महिपतरावांनी टोपी खुंटीला अडकवली. ती नीट बसायला जरा वेळ लागला.

"लिहिलं."

"वय?"

"अकरा."

यमी गेल्यापासून दर संक्रांतीला मोजत, तसं विजयाबाईंनी बोटांवर मोजलं. "बारा. संक्रांतीला बारावं सरलं तिचं. उद्या जाऊन दुरुस्त करून या. सरकारी कागद आहे."

"जातो."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला धुतलेला कोट घालून ते निघाले, आणि कचेरी बंद व्हायची वेळ होईपर्यंत थाटीपूरच्या रस्त्याला एका कडुनिंबाखाली बसून राहिले.