हिंमतरावांचा कार्बोरेटर

आमच्या हिंमतरावांनी एका धडधाकट गाडीच्या मेंदूचं ऑपरेशन केलं. विश्रांतवाडीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि गाडीच्या मालकिणीला न विचारता. मालकीण म्हणजे मी, सत्यशीला. यांची बायको असले तरी गाडी माझी आहे. पाळणाघराच्या कमाईतून घेतली आणि पन्नाशी उलटल्यावर चालवायला शिकले.

गाडी बिघडली होती का? छे! डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायचा, एवढंच. हे मोठ्या ऐटीत सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या पोरानं लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "काका, यात हातानं करण्यासारखं काही नसतं. तुम्ही आत एसीत बसा, चहा घ्या." झालं! जन्मभर भोसरीच्या कारखान्यात डिझाइन मॅनेजर म्हणून ड्रॉइंगवर सह्या केलेल्या माणसाला चहा घ्यायला सांगितलं. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

घरी येऊन जाहीर केलं की गाडीतलं कॉम्प्युटरवालं पेट्रोल इंजेक्शन काढून टाकायचं. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे कॉम्प्युटरनं का ठरवावं? त्याऐवजी जुन्या गाड्यांसारखा, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर लावायचा आणि ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटर बसवायचा. "मशीन माणसाला कळलं पाहिजे, सत्यशीला." वाक्य छान होतं. वाक्यांना पेट्रोल लागत नाही.

त्यांना साथ मिळाली शनिवार पेठेतल्या बापूरावांची. तेही रिटायर, तेही उंटावरचे शहाणे. जुन्या बाजारात दर रविवारी फिरून दोघांनी एक कार्बोरेटर पैदा केला आणि माझ्या ओट्यावर, माझ्याच दातांच्या ब्रशनं घासला. डिस्ट्रिब्युटर बापूरावांकडे शोकेसमध्ये होता. लोक गणपती ठेवतात, यांनी डिस्ट्रिब्युटर ठेवला होता. टोपी घातलेली काळी डबी ती. टोपीवर भोवताली चार वायरी, मधे एक जाड. त्या मधल्या वायरीतून आलेली वीज चार प्लगना आळीपाळीनं वाटायची, एवढंच तिचं काम. ती नव्या इंजिनावर बसेना, म्हणून वर्कशॉपमधून जोड बनवून आणला. गाडीतून काढलेला सगळा संसार माझ्या पलंगाखाली गेला. हे कायद्यात बसतं का, असं मी विचारलं, तर म्हणे, "कायदा करणाऱ्यांना चोक म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

शेवटी गाडी सुरू झाली. पेढे वाटले. पेट्रोलचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता.

आता माझं ऐका. माझं पाळणाघर वाघोलीत आहे. आयटीतल्या आया सकाळी आठला मुलं सोडून ऑफिस गाठतात. किल्ली माझ्याकडे. स्वयंपाकाच्या इंदुबाई येतात त्या दहाला. म्हणजे आठ वाजता मी दारात नसले, तर पोरं आयांच्या कडेवर आणि आया रस्त्यावर. पाळणाघर चालतं ते या आठच्या भरवशावर, माझ्या गोड गळ्यावर नाही.

आणि गाडी रोज सकाळी मुकी! किल्ली फिरवली की नुसती खर्र खर्र. मग मी खालून हाक मारायची, "अहो!" हे सावकाश उतरायचे. बॉनेट उघडायचं. कान लावायचा. कुठे फुंकर, कुठे टकटक. "चोक अर्धा ओढ. पाय काढ. हं, आता मार." की गाडी सुरू! मग चेहरा असा, जणू मुलगा बोर्डात आलाय.

"कार्बोरेटरला माणूस ओळखावा लागतो," हे म्हणायचे.

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंत," मी म्हणायचे आणि धानोरी-लोहगावच्या गर्दीत जीव मुठीत धरून गाडी हाणायचे. तरी उशीर व्हायचाच. कधी चिडून रिक्षा करायचे, तर तोवर आणखी उशीर.

शेवटी शेफालीनं तिच्या समर्थला काढून घेतलं. "मावशी, तुमच्यावर राग नाही हो. पण माझी सकाळची मीटिंग रोज बुडते." समर्थ अडीच वर्षांचा, माझ्या मांडीशिवाय झोपायचा नाही. तिच्यासमोर मी हसून "बरं बरं" म्हटलं, आणि आत जाऊन रडले. आणखी दोघी आया कुजबुजत होत्या. पाळणाघर बंद पडायला काय लागतं? एक गेली की बाकीच्या निघतात.

मग हे आणि बापूराव कुणाच्या तरी लग्नाला सांगलीला गेले. मी आदल्या दिवशीच रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. सकाळी सहज किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या फटक्यात सुरू! दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, सुधारली बिचारी. हे परत आले, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा खर्र खर्र.

मी काही इंजिनिअर नाही, पण मूर्खही नाही. पुढच्या दिवशी लवकर उठून गॅलरीत कपडे वाळत घालत उभी राहिले. खाली आमचे हिंमतराव आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वर तेवढं पाहिलं नाही. बॉनेट उचललं, आत हात घातला, काहीतरी ओढलं आणि बॉनेट अलगद मिटलं. वर येऊन पेपर वाचत बसले. गुणाचे!

मी बोलले नाही. पर्स घेऊन उतरले, बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड वायर अर्धी बाहेर आली होती. अंगठ्यानं दाबून बसवली, किल्ली फिरवली. गाडी सुरू.

आवाज ऐकून हे धावत खाली आले. हाक यायच्या आधीच हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"झाली सुरू?" आवाज एवढासा.

"झाली. वायर बसवली मी. रोज कोण काढतं हो ती? मांजर?"

हे स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात करायला लागले.

"तुमच्या या पोरखेळापायी समर्थ गेला माझा. लाज नाही वाटली? बायका कडेवर पोरं घेऊन रस्त्यात उभ्या, आणि तुम्ही इथे फुंकर मारताय!"

"समर्थ गेला?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मग स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "तू गेलीस की दिवसभर मला कुणी हाक मारत नाही."

"मग सांगायचं ना तसं! येऊ का तुझ्याबरोबर, म्हणून विचारायचं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते!"

हे बोलून मी थांबले. राग होताच, पण खोटं बोलता येईना. या माणसाला पाळणाघर दाखवावं, असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ते माझं होतं, आणि यांच्या सल्ल्यांपासून मी ते जपून ठेवलं होतं.

"जुनं सामान परत बसवतो," हे म्हणाले. "इंजेक्शन, वायरिंग, सगळं. दोन-तीन महिने लागतील, पण होईल." बोलता बोलता डोळे चमकायला लागले, हात बॉनेटकडे गेला.

"खबरदार हात लावलात तर!"

हात मागे आला. "मग मी काय करू?"

"बसा गाडीत. मागे. वीस पोरांच्या पायातले बूट काढायला मला माणूस लागतो. सल्ला द्यायचा नाही, शोध लावायचा नाही. बूट काढायचे आणि जोड्या लावून ठेवायच्या."

मला वाटलं, डिझाइन मॅनेजर उखडणार. पण हे मुकाट्यानं मागे जाऊन बसले. अंगात घरातला बनियन होता, तो बदलायलासुद्धा वर गेले नाहीत.