दोना गुलबानूंची मशीन

मित्रांनो, मी पायाने चालवायची एक जुनी शिलाई मशीन आहे. माझ्या काळ्या अंगावर लाल नेलपॉलिशने दोन शब्द लिहिलेले आहेत. कारखान्यातून मिळालेल्या सोनेरी वेलबुट्टीपेक्षा मला त्यांचाच जास्त अभिमान आहे.

रत्नागिरीच्या गुलबानू ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल अमेरातला राहायला आल्या, तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. शाळांचे गणवेश, पडदे, बायकांचे पायघोळ अबाये. इंचाला बारा टाके, एकही सुटलेला नाही. काम त्यांचे, पण नाव कुणी घेत नसे. त्या 'जैनुद्दीनची बायको', नाहीतर 'शाहबाजची अम्मी'.

गोव्याच्या शिक्षिका फिलोमेना मात्र दारातूनच हाक मारत, "दोना गुलबानू!" त्यांनीच अर्थ सांगितला. पोर्तुगीज भाषेत दोना हा पूर्वी फक्त खानदानी स्त्रीचा किताब होता. पुढे कोणत्याही मानाच्या बाईला तसे म्हणू लागले. तो तिच्या स्वतःच्या नावापुढे लागतो, नवऱ्याच्या नव्हे. मग पर्समधली नेलपॉलिशची बाटली काढून त्यांनी ते नाव माझ्यावर लिहूनच टाकले.

पुढे विजेवरची मशीन आली आणि मी चादरीखाली गेले.

यंदा शाहबाजने मस्कतच्या बौशर भागात दुकान घेतले. अम्मीच्या मानासाठी त्याने पाटी रंगवून आणली: 'दोना जैनुद्दीन टेलर्स'.

गुलबानू बघत राहिल्या. "बरी हाय," एवढेच म्हणाल्या.

पाटी माझ्यावर टेकवायला नात हिबाने माझी चादर ओढली. "दादी, पण इथे तर तुझा नाव आहे!" ती अडखळत वाचून म्हणाली.

शाहबाज ओशाळला. "मला वाटलं, मिसेससारखं नवऱ्याचं नाव लागतं."

जैनुद्दीन हसू लागले. "अरे अर्बाब, दुकानाच्या मालका, मला साधा बटन लावता येत नाय, आनि तू मला दोना करतोस?"

"पण अब्बा, उद्या दुकान उघडायचंय. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलंय."

तेव्हा गुलबानूंनी माझ्यावर हात ठेवला. "माजा नाव येईस्तोवर दुकान उघडायचा नाय. खलास!"

दुकान आठ दिवस उशिरा उघडले. पाटीवर 'दोना गुलबानू टेलर्स' आहे आणि पाटीखाली मी. जाड जीन्स त्या नव्या मशीनला झेपली नाही, की अजून मलाच पुढे ओढतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून थेंबभर तेल घालत जा. आणि तुमच्या अंगावरचा गणवेश ज्या बाईंनी शिवला, त्यांचे नाव ठाऊक आहे का? नसेल, तर आजच विचारून या.