आबांचा खर्ज

मी कपिल, कळंबचा. ट्रॉम्बोनमध्ये माझा हात धरणारा जुन्नर-आंबेगावात कुणी न्हाई. बढाई वाटली तर वाटू द्या, मी कमीच सांगतोय.

आमच्या आबांनी, म्हंजे भागुजी बँडवाल्यांनी, हे सरकत्या नळीचं पितळी वाद्य जन्मभर वरातीत वाजवलं. ट्रॉम्बोनवाला वरातीत सगळ्यांच्या पुढं चालतो. मागं ठेवला तर नळी पुढच्याच्या पाठीत बसायची. पुढचे दात पडले आणि आबांची फुंक गेली. नवरी वाटंला लावताना ते स्वतः बांधलेली एक चाल वाजवायचे, शेवटी लांबलचक खर्ज. आयाबाया तिथंच रडायच्या. ती चाल माझ्या जॅझच्या अल्बमात शेवटाला यावी, आणि तीही आबांच्या देखत, एवढंच मला पायजे व्हतं.

मंचरच्या स्टुडिओत शेवटचा दिवस. आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले. मोहितची रेकॉर्डिंगची खोली म्हंजे कोंबड्यांचं खुराडं. बाकीची गाणी निभावली, पण ह्या खर्जाला हात पुरता लांबवला की नळी समोरच्या दारावर आपटायची. तिरका झालो तर माईक सुटायचा.

"भाऊ, तेवढा सूर सोडा," मोहित म्हणाला. "मी कॉम्प्युटरवर लावून देतो. कुणाला कळणार न्हाई."

आबांनी मान खाली घातली. "ऱ्हाऊ दे रं. जुनं झालं ते."

माझं टाळकंच सरकलं. जुनं म्हणे. "मोहित, दार उघड. बाहेरचं बी उघड."

"रस्त्याचा आवाज येईल."

"येऊ दे. आबांनी ही चाल कधी बंद खोलीत वाजवली न्हाई."

पोरगं गुणी. तोंड वाकडं करत का व्हईना, त्यानं माईक उंबऱ्याशी आणून लावला.

मी डोळे मिटले. चाल आधी आबांसारखी सरळ वाजवली, मग जॅझच्या रीतीनं मनाला येईल तशी फिरवली आणि परत घरी आणली. शेवटी खर्ज. नळी पार दाराबाहेर गेली. रस्त्यानं कांद्याचा ट्रॅक्टर धडधडत गेला, तोही रेकॉर्डिंगात आला. दम संपेस्तोवर मी सूर सोडला न्हाई.

डोळे उघडले तर खुर्ची रिकामी.

वळून बघतो तर आबा माझ्या मागं, ताठ उभे. वरातीत ज्यांनी कधी कुणाला पुढं जाऊ दिलं न्हाई, ते रांगेत उभं ऱ्हावं तसे माझ्या मागं उभे व्हते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंसुद्धा नव्हतं.

"थांबलास का रं?" आबा म्हणाले. "चल की पुढं."