दहा हजारांचा कागद

बायकोच्या लग्नातली चांदी विकून पाच हजार आले आणि त्यांचे इंदिरा विकास पत्र, म्हणजे पोस्टाचे बचतपत्र घेतले, असे भीमसिंगने तिला, जमनाबाईला, सांगितले होते. तिला अक्षरे येत नसली तरी आकडे ओळखता येत. कागदावर दहा हजार छापलेले पाहताच तिच्या मनात पाल चुकचुकली. चांदी दहाला विकून नवरा आपल्याला पाचच सांगतो आहे, या संशयाने ती दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन हिंगोलीच्या पोस्टात गेली.

“साहेब, पाच हजारांचा कागद दहाचा काहून?”

खिडकीतले बाबू म्हणाले, “बाई, आज पाच भरायचे, साडेपाच वर्षांनी दहा मिळतात. छापलेला आकडा तेव्हाचा.”

“झालं समाधान?” भीमसिंग म्हणाला. “उगं चोर ठरवून राहिली मला!”

ती ओशाळली, तरी तिने विचारलेच, “ह्याच्यावर नाव कुणाचं हाय?”

“कुणाचंच नाही. जो कागद आणेल त्याला पैसे.”

“ह्यांनी एकट्यानं आणला तर?”

“तर त्यांना.”

भीमसिंग घाईने कागद खिशात घालू लागला. जमनाबाईने हात पुढे केला.

“द्या इकडं. साडेपाच वर्षं मी सांभाळते.”