दोन गुडघ्यांतला फरक

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मुंबईच्या शिवादादाला मला संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, त्याच्या आईचं, म्हणजे आमच्या हौसाआत्याचं, गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही. आणि ते ठरवायचं होतं मी. मोठी शहाणी! रत्नागिरीत फिजिओथेरपी शिकते ना.

आत्या ऑपरेशनला जाम घाबरते. म्हणून मीच म्हटलं होतं, एक नवं मलम आहे, लावून बघू. उजव्या गुडघ्याला औषधी मलम, डाव्याला तसंच दिसणारं साधं. बाई एकच, चालणं तेच, हवाही तीच. रोज मी फोनवर दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्याचे आकडे विचारायचे, शून्य ते दहा, आणि वजाबाकी करायची. उरेल तो फरक मलमाचा.

आज सगळे आकडे संख्याशास्त्राच्या चाचणीत घातले. फरक काहीच नाही! पुन्हा घातले, पुन्हा तेच. डोकंच फिरलं. दोन्ही गुडघ्यांचं दुखणं कमी झालेलं, तेही अगदी सारखं? असं कसं होईल? तशीच एसटी पकडली आणि आरे-वारेला आत्याच्या घरी धडकले.

ती एकटीच पडवीत बसली होती. मी चपला काढायच्या आधीच विचारलं, "आत्या, डाव्याला कुठलं मलम लावत होतीस?"

"दोन्हींना दोन्ही," ती हसली. "अगो, एका पोराला घावन वाढायचं नि दुसऱ्याला तोंडाकडे बघत बसवायचं? माझ्याच्यान नाही होत."

"धन्य आहेस बाई!" मी कपाळावर हात मारला. पण मनात उकळ्या फुटत होत्या. "म्हणजे मलम दोन्हींना लागू पडलं! अगं, बरी झालीस तू!"

आत्याचं हसू मावळलं. ती पदराचं टोक चाळवत राहिली.

"काय झालं?"

"तू म्हणालीस ना, आकडा कमी आला तर कापायला नको. म्हणून मी दोन्हींचे कमी सांगितले."

मला रडूच फुटलं. तिचा राग नाही आला, माझाच आला. वजाबाकीच्या नादात एकदाही तिला येऊन बघितलं नव्हतं मी.

"आता खरं सांग. आज किती?"

"नऊ."

"कुठल्याचे?"

"दोन्हींचे. शिवाला कळव तू. पण आधी मला जरा धर गो बाय. सकाळपासून परसाकडे जायचंय, उठताच येईना."